पुराणकथा आणि पिलाताचे नाव



‘पुराणातली वांगी पुराणात’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. देवळात पुराण सांगताना बुवांनी वांगी निषिद्ध ठरवावीत आणि घरी येऊन पानावर बसताच वांग्याच्या भाजीची चौकशी करावी, अशी ती गंमत. पण या गमतीच्या पोटात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. पुराणात सांगितले जाते त्याचे सत्य एका जातीचे आणि चुलीवर शिजते त्याचे सत्य दुसऱ्या जातीचे, हा भेद आपला समाज फार पूर्वीपासून करीत आला आहे. प्रल्हादाची कथा ऐकताना श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते. पण तो खांब कोणत्या साली दुभंगला आणि त्या वेळी त्या प्रांताचा अंमलदार कोण होता, असे कुणी विचारीत नाही. कुणी विचारलेच, तर त्याला कथा कळलीच नाही असे आपण म्हणू, आणि ते बरोबरच ठरेल.

ख्रिस्ती धर्मात मात्र हा अंमलदाराचा प्रश्न विचारला जातो, आणि तोही देवळातच. जगभरचे ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेचा जो संक्षिप्त पाठ म्हणतात, त्याला ‘प्रेषितांचा मतांगीकार’ असे नाव आहे. पाठ अगदी छोटा. स्वर्ग-पृथ्वी निर्माण करणारा पिता, त्याचा पुत्र, पवित्र आत्मा, पापांची क्षमा, सार्वकालिक जीवन, अशा मोठमोठ्या गोष्टी त्यात एकापाठोपाठ एक येतात. पृथ्वीवर वावरलेल्या माणसांची नावे त्यात तीनच. एक येशू, दुसरी त्याची माता मरिया, आणि तिसरा पंतय पिलात. ना पेत्र, ना पौल, ना योहान. ज्यांनी हा धर्म पसरविला त्यांना या पाठात जागा नाही, आणि ज्याने येशूला वधस्तंभावर पाठविले त्या रोमन अंमलदाराला मात्र आहे. हा मनुष्य इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा कारभार पाहात होता; तसा साम्राज्याच्या एका कोपऱ्यातला दुय्यम अधिकारी. त्याचे नाव श्रद्धेच्या पाठात का यावे?

उत्तर सरळ आहे. ते नाव म्हणजे तारीख आहे. अमक्याच्या कारकिर्दीत हे घडले, असे सांगण्याची त्या काळची ती रीत. लूकनेही आपल्या शुभवर्तमानात कथेला तोंड लागताच तिबेरियस कैसराचे पंधरावे वर्ष सांगितले आहे आणि त्या वेळी कुठल्या प्रांतावर कोण होते याची यादीच दिली आहे. कथा ऐकणाऱ्याला ते जणू बजावतात, की बाबा रे, हे ‘कोणे एके काळी’ घडलेले नाही.

दैवतकथा आणि ख्रिस्ताविषयीची श्रद्धा यांचे नाते काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्या नात्यातली सारी ओढाताण या एका नावाभोवती फिरते, असे मला वाटते. इंग्रजीत ज्याला ‘मिथ’ म्हणतात त्याला मराठीत कुणी दैवतकथा म्हणतात, कुणी पुराणकथा, कुणी मिथक. जाता जाता एवढेच सांगतो, की ‘मिथ’ आणि आपला ‘मिथ्या’ हे दोन शब्द कानाला सारखे लागले तरी त्यांचे एकमेकांशी गोत्र नाही. ग्रीक भाषेत ‘मिथॉस’ म्हणजे आधी नुसते बोलणे, सांगणे. पुढे त्याला कल्पित कथेचा अर्थ चिकटला. नव्या करारात हा शब्द पाच वेळा येतो आणि पाचही वेळा निंदेनेच येतो. पेत्राच्या नावावरच्या दुसऱ्या पत्रात तर स्पष्टच म्हटले आहे, की आम्ही चातुर्याने रचलेल्या कथांच्या मागे लागलो नाही, आम्ही डोळ्यांनी पाहिले.

पण नुसते म्हटल्याने शेजारी थोडेच ऐकतात! ख्रिस्ती धर्म ज्या मुलखात वाढला तिथे मरणाऱ्या आणि परतणाऱ्या देवांची वाण नव्हती. मिसर देशात ओसायरिस होता. त्याच्या भावाने त्याचे चौदा तुकडे केले आणि त्याची पत्नी आयसिस ते गोळा करीत हिंडली. फिनिशियाच्या किनाऱ्यावर अदोनिस होता. बाबिलोनकडे तम्मूज होता, आणि त्याच्यासाठी स्त्रिया दरवर्षी शोक करीत. तो शोक यरुशलेमच्या मंदिराच्या दारापर्यंत पोचला होता, अशी तक्रार यहेज्केल संदेष्ट्याने ख्रिस्तापूर्वी सहाएक शतके करून ठेवली आहे. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. संत जेरोम हा लॅटिन बायबलचा मोठा भाषांतरकार इ. स. ३८६ पासून मरेपर्यंत बेथलेहेमला राहिला. त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे, की या गावावर एके काळी तम्मूजच्या, म्हणजे अदोनिसच्या वनराईची छाया होती आणि ज्या गुहेत बाळ येशू रडला त्याच गुहेत पुढे व्हीनसच्या प्रियकरासाठी विलाप चाले. बघा, एकच गुहा आणि दोन रडणी! जेरोमला ही गोष्ट लपवावीशी वाटली नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांना हे साम्य दिसत नव्हते असे नाही. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या एका तत्त्ववेत्त्याने रोमन बादशहाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बचावाचा एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, की आम्ही तुमच्यापेक्षा फार निराळे असे काय सांगतो आहोत? तुमच्या ज्यूपिटरलाही पुत्र आहेत, तुमचा पर्सियसही कुमारीच्या पोटी जन्मला, तुमचा वैद्य देवही मेलेल्यांना उठवतो. मग आमचाच छळ का? युक्तिवाद वकिली आहे आणि चांगला आहे. पण त्याच्यावर लगेच उलटा प्रश्न येतो, की मग तुमची कथाही त्यांच्यातलीच एक का मानू नये? यावर जस्टिनने दिलेले एक उत्तर असे, की देव काय करणार हे सैतानांना आधीच कळले आणि त्यांनी खोट्या नकला करून ठेवल्या. हे उत्तर आज कुणाला पटेल असे मला वाटत नाही. त्याचे दुसरे उत्तर मात्र फार मोलाचे होते. ईश्वरी शब्दाचे बीज सर्व मानवजातीत पेरलेले आहे आणि सॉक्रेटिसासारख्यांच्या ठिकाणी ते उगवले होते, असे तो म्हणे. अठराशे वर्षांनी ऑक्सफर्डला हेच बीज पुन्हा रुजले. तिकडे आपण येऊच.

अर्वाचीन काळात साम्ये शोधण्याचा एक छंदच लागला. १८७५ साली अमेरिकेत केर्सी ग्रेव्हज नावाच्या गृहस्थाने सोळा ‘क्रूसावर गेलेल्या तारकां’चे पुस्तक छापले. त्यात आपला श्रीकृष्णही आहे! आता भागवत ऐकलेले पोरही सांगेल, की कृष्णाच्या पायाला जरा नावाच्या व्याधाचा बाण लागला. क्रूसाचा तिथे काही संबंध नाही. ‘ख्रिस्त’ आणि ‘कृष्ण’ ही नावे सारखी वाटतात म्हणावे, तर ख्रिस्त हा ग्रीक शब्द, अर्थ अभिषिक्त. कृष्ण म्हणजे काळा-सावळा. पण हा मोह केवळ हौशी माणसांनाच पडला असे समजू नका. आपल्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या काटेकोर पंडितानेही १९१३ सालच्या आपल्या वैष्णव-शैव पंथांवरील ग्रंथात अशी शक्यता मांडली होती, की आभीरांनी बालदेवाची कथा आणि कदाचित ख्रिस्ताचे नावही बाहेरून आणले असावे. गोव्याकडे आणि बंगालकडे कृष्णाचा उच्चार ‘कुष्टो’, ‘क्रिस्तो’ असा होतो, हेही त्यांनी नोंदले. त्यांचा मुद्दा फक्त गोकुळातल्या बाळकृष्णापुरता होता. कंसवधाची कथा पतंजलीच्या महाभाष्यात आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होते. पुढच्या संशोधकांनी त्यांचे हे मत सामान्यतः स्वीकारले नाही. गंमत अशी, की ग्रेव्हजच्या हिशेबी ख्रिस्त उसना आणि भांडारकरांच्या हिशेबी बाळकृष्ण उसना. साम्य दिसले की कुणीतरी कुणाचे तरी घेतले असलेच पाहिजे, ही समजूत मात्र दोहोंत सारखी.

या शोधाला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली ती जेम्स फ्रेझर यांनी. त्यांचा ‘द गोल्डन बाउ’ हा ग्रंथ १८९० साली दोन खंडांत निघाला आणि १९१५ पर्यंत वाढत वाढत बारा खंडांचा झाला. पेरलेले बी मरते, उगवते. तसा देवही दरवर्षी मरतो आणि उठतो, हे त्यांचे मुख्य सूत्र. ख्रिस्ताविषयी ते फारसे उघड बोलत नसत; वाचक काय तो अर्थ काढतच होता. १९०० सालच्या आवृत्तीत ख्रिस्ताच्या वधाविषयी एक धाडसी तर्क त्यांनी ग्रंथात घातला, पुढच्या आवृत्तीत तो परिशिष्टात ढकलला आणि १९२२ च्या संक्षिप्त आवृत्तीतून काढूनच टाकला. एवढ्या मोठ्या पंडिताचा पाय त्या एका ठिकाणी का अडखळला असेल? बी दरवर्षी मरते, पिलात दरवर्षी येत नाही. ऋतुचक्रातल्या देवाला सनावळी लागत नाही, आणि या कथेत ती अशी रुतलेली आहे की उपटून काढता येत नाही.

फ्रेझर यांचे सूत्रही पुढे बरेच ढिले पडले. ओसायरिस उठतो तो या जगात परत येत नाही, मृतांच्या लोकाचा राजा होतो. ॲटिसच्या पुनरुत्थानाचे पुरावे ख्रिस्ती काळातले, उशीराचे. १९८७ साली जोनाथन स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाने ‘मरून उठणारे देव’ हा वर्गच बहुतांशी चुकीचा आहे असे लिहिले. मग २००१ साली स्वीडनच्या ट्रिग्वे मेटिंगर यांनी पुन्हा पुरावे तपासले आणि म्हटले, की नाही, असे काही देव खरोखरच होते. पण येशूच्या पुनरुत्थानाची कथा त्यांच्यावरून रचली याला पुरावा नाही. म्हणजे एका बाजूने साम्य उरले आणि दुसऱ्या बाजूने उसनवारी गेली. आज या विषयावर बोलणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवलेच पाहिजे.

खरा घाव निराळ्या दिशेने आला होता, आणि फ्रेझरच्या कितीतरी आधी. १८३५ साली डेव्हिड फ्रीडरिश स्ट्राउस या सत्तावीस वर्षांच्या जर्मन तरुणाने ‘येशूचे चरित्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने ओसायरिस-अदोनिस यांच्याकडे पाहिले नाही. त्याने पाहिले ते यहुदी लोकांच्या स्वतःच्या धर्मग्रंथाकडे. येशूने पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजारांना जेवू घातले, ही कथा घ्या. जुन्या करारात अलीशा संदेष्टा वीस भाकरींत शंभर माणसांना जेवू घालतो आणि वर उरते. नोकर विचारतो, एवढ्याने कसे भागणार? अगदी तसेच शिष्यही विचारतात. स्ट्राउसचे म्हणणे असे, की ज्या लोकांची खात्री झाली होती की हाच तो मसीहा, त्यांच्या मनात जुन्या ग्रंथांतली वस्त्रे आपोआप त्याच्या अंगावर चढली. हे कुणी लबाडीने केले नाही. भक्तीनेच केले, नकळत केले. आणि अशा नकळत झालेल्या रचनेला त्याने नाव दिले ‘मिथ’.

मला स्ट्राउसची ही मांडणी फार प्रामाणिक वाटते. त्याच्या आधीचे चिकित्सक एक तर शिष्यांना लबाड ठरवीत, नाही तर चमत्काराचा काही तरी ओढूनताणून खुलासा करीत. येशू पाण्यावर नव्हे, काठाकाठाने चालत होता, अशा छापाचा. स्ट्राउसने दोन्ही वाटा बंद केल्या. त्याची किंमत त्याला मोजावी लागली. ट्युबिंगेनची जागा गेली. १८३९ साली झुरिकला प्राध्यापकाची जागा मिळाली, तर लोकांनी एवढा गहजब केला की शिकवायला उभे राहण्यापूर्वीच त्याला निवृत्तिवेतन देऊन घरी बसविण्यात आले. आणि त्याच सप्टेंबरात तिथले सरकारही कोसळले.

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८४६ साली निघाले. ते करणारी तरुणी पुढे जॉर्ज एलियट या नावाने कादंबरीकार म्हणून गाजली. तिची स्वतःची श्रद्धा तेव्हा सुटलेली होती. तरीही वधस्तंभाच्या कथेची चिरफाड भाषांतरात उतरविताना तिचा जीव कासावीस होई, आणि समोर ठेवलेल्या ख्रिस्तमूर्तीकडे पाहून ती स्वतःला धीर देई, असे तिच्या मैत्रिणीच्या पत्रात नमूद आहे. पुरावा एक सांगतो आणि कथा मनाला सोडीत नाही, अशी ही अवस्था. त्या बाईंना त्यावर उत्तर सापडले नाही. त्यांनी भाषांतर पुरे केले.

आता ज्या माध्यमातून मी आपल्याशी बोलतो आहे, त्याचा या वादाशी एक मजेदार संबंध आहे. १९४१ साली, ऐन महायुद्धात, मारबुर्गचे प्राध्यापक रुडोल्फ बुल्टमान यांनी जर्मन पाळकांपुढे एक व्याख्यान दिले. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की विजेचे दिवे लावायचे, रेडिओ ऐकायचा, आजारी पडल्यावर दवाखान्यात जायचे, आणि त्याच वेळी भुताखेतांच्या आणि चमत्कारांच्या त्या जुन्या जगावर विश्वास ठेवायचा, हे जमणारे नाही. वर स्वर्ग, मध्ये पृथ्वी, खाली नरक असे तीन मजली विश्व आता उरले नाही. तेव्हा कथेचे मिथकरूप उलगडून तिच्यातले आवाहन माणसापर्यंत पोचवले पाहिजे. बुल्टमान नास्तिक नव्हते. हिटलरच्या राजवटीने चर्च आपल्या मुठीत घेऊ पाहिले तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या चर्चमध्ये ते होते. त्यांना ख्रिस्त नको होता असे नव्हे, कथेच्या जुन्या चौकटीमुळे तो आजच्या माणसाला अडखळण ठरू नये असे वाटत होते.

त्यांच्या रेडिओच्या दाखल्याविषयी मात्र मला शंका आहे. आपल्याकडे रेडिओ आला, विजेचे दिवे आले, आणि त्याच दिव्याखाली, त्याच रेडिओवर सकाळी सकाळी भक्तिगीते सुरू झाली. माणसाच्या मनात यंत्र आणि देव शेजारी शेजारी सुखाने नांदतात, हे मारबुर्गच्या प्राध्यापकमहाशयांना कुणी सांगायला हवे होते. ते तर्कशुद्ध आहे की नाही हा प्रश्न निराळा. पुढे कार्ल यास्पर्स या तत्त्ववेत्त्याने त्यांच्याशी जाहीर वाद केला. दैवतकथा ही भाषा आहे. तिच्यात जे सांगता येते ते दुसऱ्या भाषेत उतरत नाही, तेव्हा तिचे भाषांतर करायला निघणे म्हणजे ती गमावणे, असा यास्पर्स यांचा रोख होता. आणि स्वतः बुल्टमानही एका ठिकाणी थांबलेच. त्या एका माणसाच्या वधस्तंभात देवाने काही केले, एवढे त्यांनी सोडले नाही. बाकी सारे उलगडले. पिलाताच्या हद्दीतली ती टेकडी तेवढी तशीच ठेवली.

बुल्टमान यांच्या व्याख्यानाच्या दहा वर्षे आधी, १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री, ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात तीन मित्र जेवणानंतर फिरायला निघाले. सी. एस. लुइस, जे. आर. आर. टोल्किन आणि ह्यूगो डायसन. लुइसला लहानपणापासून उत्तरेकडच्या दैवतकथांचे वेड होते. बाल्डर या देवाच्या मृत्यूने तो हेलावून जाई. ईश्वर आहे, इथवर तो आला होता. पण दोन हजार वर्षांपूर्वी कुणा एकाच्या मरणाने आज आपले काय भले होणार, हे त्याला उमगेना. टोल्किनने त्याला विचारले, की बलिदान करणारा, मरून उठणारा देव दुसऱ्या कुठल्याही कथेत भेटला तर तुला ती आवडते, आतून हलवते. मग तोच शुभवर्तमानात भेटला की तू कवाडे का लावून घेतोस? दैवतकथा ही लबाडी नव्हे. तिच्यातही सत्याचा कवडसा असतोच. ही कथा त्याच जातीची आहे, फरक एवढाच, की ही घडली. बोलणे पहाटेपर्यंत चालले. काही दिवसांनी लुइस ख्रिस्ती झाला, आणि पुढे युद्धकाळात ब्रिटिश रेडिओवरून त्याने ख्रिस्ती धर्मावर दिलेली भाषणे घरोघर ऐकली गेली.

हे जस्टिनचेच बीज. फ्रेझर ज्या साम्याने श्रद्धा सैल होईल असे मानीत होते, त्याच साम्याने लुइसची श्रद्धा घट्ट झाली. जगातल्या सगळ्या कथा जर एकाच गोष्टीची स्वप्ने पाहात असतील, तर ती गोष्ट कधीतरी, कुठेतरी खरी का होऊ नये? विचार सुंदर आहे, यात वाद नाही. पण सुंदर विचार पुराव्याचे काम करीत नाही. ‘ही घडली’ हे दोन शब्द टोल्किनने उच्चारले खरे. त्यांचा भार मात्र पुन्हा त्या सनावळीवरच येऊन पडतो.

म्हणून सनावळीकडे जाऊ. १९६१ साली इटालियन पुरातत्त्वज्ञ कैसरिया या समुद्रकाठच्या जुन्या रोमन शहरात उत्खनन करीत होते. तिथल्या नाट्यगृहात जिन्याच्या बांधकामात एक चुनखडीची शिळा सापडली. सुमारे पावणेतीन फूट उंच, आणि दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीतून उचलून पायरीसाठी वापरलेली. तिच्यावर लॅटिन अक्षरे होती. डावी बाजू झिजलेली, तरी तिबेरियस कैसराच्या नावाशी निगडित वास्तूचा उल्लेख, त्याखाली पिलाताचे नाव आणि त्याचा हुद्दा वाचता येतो. हुद्दा ‘प्रीफेक्ट’, यहूदीयाचा. इ. स. ११६ च्या सुमारास लिहिताना रोमन इतिहासकार टॅसिटसने त्याला ‘प्रोक्युरेटर’ म्हटले होते. त्याच्या स्वतःच्या काळातला हुद्दा त्याने मागे लावला, असे आता दिसते. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. तरी या लोकांच्या मूळ पुरुषाला पिलाताने देहदंड दिला, हे तोही सांगतो.

इतिहास इथवर आपल्याला खात्रीने आणतो. गालीलातला येशू नावाचा एक मनुष्य होता, तो पिलाताच्या हुकुमाने क्रूसावर मेला, याविषयी आज जबाबदार इतिहासकारांत वाद नाही. आणि हे मरण कथाकाराने आपणहून निवडावे असेही नव्हते. क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली भिंतीवर ओरखडलेले एक जुने चित्र सापडले. त्यात क्रूसावर गाढवाचे डोके असलेला एक देह आहे आणि खाली एक भक्त हात वर करून उभा आहे. भक्ताचे नावही कोरले आहे. कुणा तरी सोबत्याने केलेली ही थट्टा. देव म्हणून मिरवायला हे मरण किती अवघड होते, ते त्या चित्रावरून कळते.

पण वधापासून पुढे, रिकाम्या थडग्यापर्यंतचे पाऊल इतिहासाच्या हद्दीत पडत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला इ. स. ५४ च्या आसपास पत्र लिहिले, म्हणजे घटनेला जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. त्यात उठलेला ख्रिस्त कुणाकुणाला दिसला याची यादी आहे. एका वेळी पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यांतले बरेच अजून हयात आहेत, असेही तो लिहितो. म्हणजे जा आणि विचारा! त्यांना काही दिसले, असे त्यांना मनोमन वाटत होते, हे इतिहासकार मान्य करतो. काय दिसले, हे तो सांगू शकत नाही. त्याच पत्रात पौल स्वतःच म्हणतो, की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. आपल्या धर्माचे मर्म कुठे आहे हे विरोधकाला असे आपण होऊन दाखविणारा धर्मप्रचारक विरळा. प्रल्हादाच्या भक्ताला हे संकट नाही. खांब फुटला नसेल तर नरसिंह व्यर्थ, असे त्याने कधी म्हटलेले नाही आणि त्याला म्हणावेही लागत नाही. ख्रिस्ती माणसाने मात्र आपली वांगी पुराणात ठेवली नाहीत. ती बाजारात आणून ठेवली, पारखून घ्या म्हणाला. यात जोखीम आहे. ती स्ट्राउसच्या वेळी दिसली तशी आजही आहे.

आणि तरीसुद्धा हीच कथा आपल्या भाषेत आली तेव्हा पुराण होऊन आली. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि चाळीसएक वर्षे तिथेच राहिला. साष्टीत त्या काळात देवळे पाडली गेली होती, लोकांची जुनी पुस्तके काढून घेतली जात होती. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले, त्यांचे देह मिळविण्याच्या कामात स्टीफन्स होता. अशा मुलखात नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी आपल्याला वाचायला, गायला पुराण नाही अशी खंत त्याच्याकडे बोलून दाखविली. ही कथा हिसकावून घेतलेल्या माणसांची भूक होती, हे विसरता कामा नये. ती भागवली त्याचे श्रेय द्यायचे, तर पुराणे कुणी आणि कशी हिरावली हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते राशोलला रोमन लिपीत, धर्मन्यायासनाच्या परवानगीने छापले गेले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. ओवी अशी, की म्हणणारा आपोआप डोलू लागावा. तीनशे वर्षांनी रेव्हरंड टिळकांनीही नाव निवडले ते ‘ख्रिस्तायन’; ते अपुरे ठेवून १९१९ साली ते गेले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.

नव्या करारात ज्या प्रकारच्या कथेला पाच वेळा नाकारले, तिचेच भारतीय नाव या दोघांनी ग्रंथाच्या माथ्यावर घातले. स्टीफन्सला हा विरोध दिसला नसेल असे नाही. ओवी म्हणणाऱ्याच्या ओठांवर कथा आधी जाते, सनावळी मागून येते, हे त्याला ठाऊक होते. सनावळी त्याने सोडलेलीही नाही. दुसऱ्या पुराणात वैकुंठ आहे तसा पिलातही आहे, न्यायासनावर बसलेला. ज्या श्रोत्यांना हे प्रत्यक्ष पाहावेसे वाटेल, त्यांनी १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत प्रसिद्ध केलेली प्रत एखाद्या मोठ्या ग्रंथालयात मागावी आणि दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचा भाग उघडावा. भाषा चारशे वर्षांपूर्वीची आहे. पण एकनाथी भागवत कानावरून गेलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही.